नियतीला संवाद नसतात

रंगभूमीवर मी आयुष्यात एकच भूमिका केली, ती नियतीची. ती माझ्याकडे आली, कारण नियतीला संवाद नव्हते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यात लाजाळू. माझं मराठी बाबांच्या मते 'चुकत नाही, पण गारठलेलं असतं'. त्यांच्या नाटकातली 'विधिलिखित' आणि 'प्राक्तन' अशी वाक्यं माझ्या तोंडून फ्रिजमधून काढल्यासारखी यायची. पण काळी साडी नेसून, केस मोकळे सोडून, कुणाकडेही न बघता रंगमंच ओलांडायला काही बोलावं लागत नाही. कुणाकडेही न बघता चालणं तर मला जन्मापासून येत होतं. कॉलेजला मी तशीच जायचे.

बाबा चाकणच्या एका कंपनीत टूलरूमचे सुपरवायझर होते. गाड्यांचे पत्रे ज्या साच्यांवर दाबतात ते साचे त्यांच्या नजरेखाली तयार व्हायचे. केसाएवढी चूक त्यांना दुरून दिसायची आणि सहन व्हायची नाही. दरवर्षी कंपनीच्या स्नेहसंमेलनात कामगारांचं नाटक असायचं. ते बाबाच लिहायचे, बाबाच बसवायचे, आणि साच्यांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस नाटकात मात्र सैल सुटायचा. नायक तिथे नेमका का आला, नायिका गप्प का बसली, असं कुणी विचारलं आणि कारण सुचलं नाही, की बाबा नियतीला आत पाठवायचे. मग दिवे निळे व्हायचे, बासरी वाजायची आणि पुढचं सगळं माफ असायचं.

त्या वर्षीचं नाटक नदीच्या दोन काठांवरच्या प्रेमाचं होतं. अलीकडे ती, पलीकडे तो. दोघांच्या घरांत वैर. ती रोज संध्याकाळी काठावर दिवा लावणार. दिवा दिसला की ती आहे, दिवा विझला की ती या जगात नाही, असं दोघांनी ठरवलेलं. शेवटच्या अंकात नियती येते, फुंकर घालते, दिवा विझतो, आणि पलीकडे तो विषाचा पेला ओठाला लावतो. घरी पहिलं वाचन संपलं तेव्हा बाबांचेच डोळे भरून आले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती परभणीची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिने आपली बोली कासारवाडीच्या हवाली केली नव्हती.

"वारं आलं तर?" आईने विचारलं.

"काय?"

"अहो, नदीकाठी वारं नसतंय का? दिवा विझला की मेली, असं कोण ठरवतंय? आन् त्याच्याकडं होडी हाय ना? मग जाऊन बघायचं की पल्याड."

"अगं, नियती! माणसाच्या हातात काही नसतं, हेच तर सांगायचंय मला."

"नियती कशाला, येडंय ते पोरगं," असं म्हणून आई फोडणीकडे वळली. नाट्यसमीक्षा म्हणून मी पुढे जे काही वाचलं त्यात याहून नेमकं मला फारसं सापडलं नाही.

आमचं घर कासारवाडी स्टेशनच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमचा रविवार गुरुवारी यायचा. बाहेरच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला टेकवला की तालीम सुरू. खिडकीखालून लोणावळ्याकडची गाडी गेली की काही ऐकू यायचं नाही, म्हणून बाबांनी सगळ्यांना शिस्त लावली होती: गाडी आली की जिथे असाल तिथे थांबायचं, भाव तोच ठेवायचा, गाडी गेली की पुढे. मिठी मारायला उचललेले हात हवेत, हुंदका घशात, आणि खालून डबे एकेक करून जातायत. ही सवय नटांच्या अंगात इतकी मुरली की प्रयोगाच्या दिवशी गाडी नसतानाही ते मध्येच थांबत होते. साहेब लोकांना ते फार खोल वाटलं.

तालमीला आई सुशीला करायची. भिजवलेले मुरमुरे, शेंगदाण्याचं कूट, कढीपत्ता आणि मूठभर हिरव्या मिरच्या. मोठी परात मध्ये ठेवली की प्रेमवीर, खलनायक आणि नदी (दोन हेल्पर निळं कापड हलवायचे, ती नदी) सगळे एकत्र तुटून पडायचे. ताटल्या भरायचं काम शकुआत्याकडे. शकुआत्या म्हणजे बाबांची सर्वांत धाकटी बहीण. माझ्याहून थोडीच मोठी. आजी-आजोबा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची, चाकणच्याच एका लहान कंपनीत क्वालिटीला होती, आणि नाटकाची नायिका तीच होती. मी नेहमीसारखी कोपऱ्यात. आणि कोपऱ्यातल्या माणसाला ताटल्या नीट दिसतात. सगळ्यांच्या ताटल्यांत मिरच्या असायच्या. अमोलदादाच्या ताटलीतल्या मात्र आधीच वेचलेल्या असायच्या.

अमोलदादा बाबांच्याच कंपनीत मेंटेनन्सला होता. नाटकात त्याचं काम दिव्यांचं. पिंपळे गुरवला राहायचा. उंच, सडपातळ, बोलण्यात माझ्याहून थोडाच पुढे. कुठलंही बंद पडलेलं यंत्र दिसलं की त्याचा चेहरा आजारी माणूस पाहिल्यासारखा व्हायचा. एकदा आमचा मिक्सर त्याने कुणी न सांगता उघडून ठीक केला आणि मग चोरी केल्यासारखा लाजला. आईला तेव्हापासून तो आवडायचा.

नाटकाच्या तालमी रंगात आल्या असताना एका गुरुवारी सकाळी शकुआत्याने धीर केला. बाबा आरशासमोर दाढी करत होते. गालावर साबण असलेल्या माणसाला फार ओरडता येत नाही, असा तिचा हिशोब असावा.

"दादा, मला अमोलशी लग्न करायचंय."

बाबांनी वस्तरा खाली ठेवला नाही. एक गाल पूर्ण केला. मग आरशातच बघत म्हणाले, "नशिबात नाही तुमच्या, शकू."

बस. आम्ही बीडकडचे मराठे, अमोलदादा बौद्ध. हे कारण बाबांनी तेव्हाही उच्चारलं नाही आणि नंतरही नाही. त्याच अमोलच्या डब्यातली सुकटीची चटणी ते रोज कंपनीत बोटं चाटून खायचे, त्याच्या वडिलांना भेटले की 'दादा' म्हणून वाकायचे. मग 'नाही' कोण म्हणतंय? नशीब म्हणतंय. बाबांच्या घरातही, कारण सांगायची वेळ आली की नियतीच आत यायची.

आणि नियतीने पर्यायही तयार ठेवला होता: नाटकाचा नायक विक्रम. कुरुळीचं जुनं घर, गावात जमीन, कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, कंपनीत पक्की नोकरी, आणि पत्रिका जुळलेली. प्रयोगानंतरच्या गुरुवारी सुपारी फोडायची ठरली. तालमीत शकुआत्या इतकं खरं रडू लागली की बाबा खूश झाले. "आता भूमिका सापडली तुला!" म्हणाले.

विक्रम माणूस वाईट नव्हता, हे मला आज जास्त कळतं. त्याला लग्नात फारसा रस नव्हता. त्याला रस होता मरण्यात. शेवटच्या अंकातलं त्याचं मरण लांबलचक होतं. पेला, थरथर, गुडघे, मग एक स्वगत, मग पुन्हा थरथर. तो घरी आरशासमोर मरायचा, कंपनीच्या बसमध्ये मरायचा, कँटीनच्या रांगेत मरायचा. "सर, आमी इथं डाव्या कुशीवर पडलो तर चालंल का? उजव्या अंगाला आमच्या आज्जीची खुर्ची हाय, तोंड दिसाया पायजे." निम्मी कुरुळी त्याचं मरण बघायला टेम्पो करून येणार होती.

आता दिव्याविषयी. नाट्यगृहात खरी ज्योत लावायला बंदी, म्हणून अमोलदादाने मातीच्या पणतीत सेलवर चालणारा दिवा बसवला होता. लहानसा, पिवळा, थरथरणारा, अगदी खरा वाटणारा. मागच्या बाजूला एक बटण. मी वाकून फुंकर घालायची आणि अंगठ्याने बटण दाबायचं. रंगीत तालमीच्या दिवशी हा दिवा पहिल्याच अंकात, नियतीचा पत्ता नसताना, एका सैल तारेमुळे विझला. नायिका नायकाशी बोलतेय आणि नाटकाच्या नियमाप्रमाणे ती मेलेली. बाबा ताडकन उठले आणि टूलरूमच्या आवाजात ओरडले, "अमोल! दिवा गेला तर नाटक गेलं! काही झालं तरी हा दिवा बंद पडता कामा नये! कळलं?"

"हो सर," अमोलदादा म्हणाला. आणि मान खाली घालून दिवा घेऊन गेला.

मेंटेनन्सच्या माणसाला असं सांगायचं नसतं. दुसऱ्या कुणीही ती तार घट्ट केली असती आणि विषय संपवला असता. अमोलदादाने रात्रपाळीच्या भट्टीला देतात तसा त्या पणतीला बॅकअप दिला. एक सेल गेला की आपोआप दुसरा सुरू. दुसरा गेला की तिसरा, आणि तिसरा गेला की पुन्हा पहिला. प्रयोगाच्या दिवशी दुपारी त्याने तो बाबांच्या हातात ठेवला आणि अभिमानाने म्हणाला, "आता नाही बंद पडणार, सर." बाबांनी पाठ थोपटली. त्या दिव्याच्या आयुष्यात एकदा बंद पडणं हेच मुख्य काम आहे, हे सुपरवायझर आणि फिटर या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. दोघांनाही आयुष्यभर यंत्र चालू ठेवायचाच पगार मिळाला होता.

प्रयोग चिंचवडला, संध्याकाळचा. पुढच्या रांगांत साहेब लोक, मधे कामगार आणि त्यांची कुटुंबं, उजवीकडे सबंध कुरुळी. आई डावीकडे, मांडीवर डबा घेऊन. दोन अंक छान गेले. मी आले, गेले, एक दार बंद केलं, एक फूल चुरगाळलं. लोक मला घाबरत होते. मला ते फार आवडलं. ज्या मुलीला रिक्षावाल्याकडे सुटे पैसे मागायचा धीर होत नाही, तिला सबंध नाट्यगृह घाबरतंय.

मग तिसरा अंक. निळा प्रकाश, बासरी. एका बाजूला शकुआत्या दिव्याशेजारी गुडघ्यांवर, मधे कापडी नदी, पलीकडे पेला घेतलेला विक्रम. मी चालत आले. वाकले. फुंकर घातली, बटण दाबलं. दिवा विझला. प्रेक्षकांतून 'च् च्' असा आवाज आला. विक्रमने छातीवर हात ठेवला.

दिवा पुन्हा लागला.

कुणीतरी हसलं. मला वाटलं, अंगठा घसरला असेल. पुन्हा फुंकर, पुन्हा बटण. विझला. विक्रमने पेला उचलला. दिवा लागला. आता बराच मोठा हशा आला. मी तिसऱ्यांदा फुंकले, गाल फुगवून, वाढदिवसाच्या केकवर फुंकतात तसं. दिवा एक क्षण डोळा मिटून बसला आणि पहिल्यापेक्षा लख्ख उघडला.

डावीकडच्या विंगेत बाबा दोन्ही हातांनी खुणा करत होते: पदर टाक! वर पदर टाक! तेवढं सहज जमलं असतं. काळा पदर पणतीवर टाकायचा, अंधार, बासरी, मरण, टाळ्या. उजवीकडच्या विंगेत अमोलदादा हातात पक्कड घेऊन उभा, चेहरा पांढराफटक, आत धावत येऊन तार तोडू का, असं डोळ्यांनी विचारत. आणि माझ्या पायाशी शकुआत्या. बाबांच्या दाढीच्या त्या सकाळपासून ती रडतच होती. आता ती अमोलदादाकडे बघत होती, तोंडावर हात दाबून, आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. कितीतरी गुरुवारांनंतर.

मी पदर हातात घेतला. तो खांद्यावर नीट केला. आणि वळून, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांकडे थेट बघून, मोठ्याने म्हणाले, "विझत नाहीये."

नियती बोलली. ती काही बोलेल असं कुणालाही वाटलं नव्हतं, मला तर नाहीच. नाट्यगृह हशाने दणाणलं. शिट्ट्या, टाळ्या. आज मी ऑफिसात मीटिंगमध्ये बोलायच्या आधी पाण्याचा घोट घेते तेव्हा मला ते दोन शब्द आठवतात. त्याहून चांगलं भाषण मी अजून केलेलं नाही.

विक्रम मात्र पेला हातात धरून अडकला होता. मरावं तर दिवा चालू, न मरावं तर नाटक संपेना. तेवढ्यात उजवीकडच्या खुर्चीतून त्याची आज्जी उठली.

"आरं इक्या, दिवा चालू हाय की! ती जित्ती हाय! नगं पिऊ त्ये! जा तिच्याकडं!"

"व्हय की गं," विक्रम म्हणाला. पेला खाली ठेवला, धोतर सावरलं आणि नदीत उतरला. कापड धरलेल्या हेल्परांना काय करावं कळेना, त्यांनी नदी खाली घातली. तो चालत या काठाला आला आणि शकुआत्यासमोर हात जोडून उभा राहिला. पडदा पडला.

आत विक्रम एका ट्रंकेवर बसून होता. "माझं मरण गेलं राव," एवढंच म्हणत होता. अमोलदादा त्याच्याशेजारी बसून दिव्याची माफी मागत होता. आपल्या बोहल्यावर चढू पाहणाऱ्या माणसाचं सांत्वन तो इतक्या मनापासून करत होता की मला तिथे उभं राहवेना.

आम्ही घरी आलो. आईने येसर आमटी गरम केली, भात वाढला. स्टेशनात गाडी आली. आम्ही सवयीने थांबलो. गाडी गेल्यावर बाबांनी तोंड उघडलं, आणि मला वाटलं होतं तसे ते चिडलेले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

"मी काय म्हणतो, जे झालं ते बरंच झालं. मी दोघांना मारायला निघालो होतो. पण नियतीच्या मनात नव्हतं. विक्रम आणि शकू, दोघांना तिनं भर नाट्यगृहात एकत्र आणलं. सगळ्यांनी पाहिलं. याहून मोठा कौल काय हवा? गुरुवारी सुपारी फोडू."

शकुआत्याचा घास हातातच राहिला. आईने पळी पातेल्यात ठेवली.

"अहो, पण दिवा कुणाचा होता?"

"दिव्याचा काय संबंध?"

"दोघं जगले ते दिव्यामुळं. दिवा केला अमोलनं. मग कौल कुणाचा?"

"तू उगाच फाटे फोडायलीस." चिडले की बाबांची बीडची बोली वर यायची. "नियतीची इच्छा आपल्याला काय कळणार?"

"का नाही कळणार?" आई म्हणाली आणि तिने पळीने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही काय बसलीय. भात खायलीय. विचारा की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डोळ्यांतलं काजळ मी अजून धुतलं नव्हतं. मला टेबलाखाली जावंसं वाटलं. पण आमच्याकडे टेबल नव्हतं, आम्ही खालीच बसलो होतो. बाबा थोडं हसले. मग खरंच विचारलं, अर्धवट चेष्टेत, पण डोळे चेष्टेचे नव्हते. "बोला नियतीबाई. काय म्हणणं आहे तुमचं?"

"नियती म्हणते," मी ताटाकडे बघत म्हणाले, "की शकुआत्याला विचारा."

कुणी हललं नाही. गाडीही आली नाही. शकुआत्याने हातातला घास खाल्ला, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "दादा, मी आरशापाशी सांगितलं होतं. अजून तेच आहे. आणि नशिबात नाही म्हणू नका. तुम्ही नाही म्हणताय, तर 'मी नाही म्हणतो' असं म्हणा. मग मी तुमच्याशी भांडेन. नशिबाशी कसं भांडू?"

बाबांनी ते वाक्य म्हणायचा प्रयत्न केला, हे मी पाहिलं. "मी" म्हणाले. थांबले. समोर अमोलच्या हातचा मिक्सर, डोक्यावर अमोलने बसवलेला पंखा. ते हात धुवायला उठले.

त्या गुरुवारी सुपारी फुटली नाही. कुरुळीला निरोप गेला, तेव्हा विक्रमने फक्त एवढंच विचारलं, की पुढच्या वर्षी पुन्हा मरता येईल का. पण अमोलदादाच्या घरीही कुणी गेलं नाही. पुढचे काही गुरुवार बाबा खिडकीत बसून गाड्या बघत होते. ती पणती आमच्या फळीवर होती. तिचं बटण कुणी दाबलं की ती विझायची आणि पुन्हा लागायची. येता-जाता मीच ते दाबायचे, बाबा खोलीत असताना जरा जास्त.

मग एका गुरुवारी सकाळी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पणती वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. शकुआत्या स्वयंपाकघरात होती. मिक्सर बंद झाला.

"कुठं?" आईने विचारलं.

"पिंपळे गुरवला. दिवा नादुरुस्त आहे. विझत नाही. अमोलला घरी जाऊन दाखवावा म्हणतो."

"बरंय," आई म्हणाली, आणि हसू दिसू नये म्हणून पदर तोंडाला लावून पेढ्यांचा पुडा पुढे केला. तो तिने केव्हा आणून ठेवला होता, कोण जाणे.

बाबा दारापर्यंत गेले आणि थांबले. चप्पल पायात, दिवा काखेत. मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"केतकी, तूही चल."

"मी? मी काय बोलणार तिथे?"

"काही नको बोलू. नुसती पुढं हो."

पिंपळे गुरवच्या त्या इमारतीचा जिना आम्ही दोघं चढलो. दारापाशी बाबा माझ्या मागे सरकले, शर्टची कॉलर सारखी केली. आतून अमोलदादाच्या वडिलांचं खोकणं ऐकू येत होतं. बाबांच्या काखेत वर्तमानपत्रातून पिवळा उजेड झिरपत होता. इथे कशासाठी आलो याचं दिव्याखेरीज दुसरं कारण त्यांना अजूनही सुचलं नव्हतं. मी बेल दाबली.